कलावंताचे काम घराबाहेर पडायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका वाचकाने असे मत मांडले होते की, खऱ्या कलेला डांगोरा पिटण्याची गरज नसते, अंगी गुण असला की तो आपोआप ओळखला जातो, आणि हल्लीची मुले चित्र काढण्यापेक्षा ते मोबाइलवर टाकण्यातच अधिक वेळ घालवतात. या मताच्या शेवटच्या भागात तथ्य आहे, हे मी आधीच मान्य करतो. पहिला भाग वाचल्यावर मात्र मला स्वस्थ बसवेना. सांगली आणि मिरजेतल्या शाळांमध्ये एकतीस वर्षे चित्रकला शिकवताना हेच वाक्य मी विद्यार्थ्यांना शेकडो वेळा सांगितले आहे, आणि त्याचे परिणाम पुढे डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

ज्या गावाला आपण अभिमानाने नाट्यपंढरी म्हणतो, त्या गावात हे मत मांडले जावे याचे मला विशेष वाटले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, हा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय होता, दरबार होता, प्रेक्षक ठरलेले होते. या कथेचा पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि मंडळींचा आधार गेला. भाव्यांनी तेव्हा खेळ बंद केला असता, तर ‘सीता स्वयंवर’ हा एका संस्थानातला कौतुकाचा प्रसंग म्हणून कुठल्या तरी दप्तरात राहिला असता. त्यांनी मंडळी घेऊन गावे धरली, आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. मुंबईतला प्रेक्षक अनेक भाषा बोलणारा होता, म्हणून पुढे हिंदुस्थानी भाषेतही खेळ केले. मराठी रंगभूमीचा जन्म सांगलीत झाला हे खरेच आहे, पण ती जगली ती सांगलीच्या वेशीबाहेर पडल्यामुळे. त्या दहा वर्षांतला चिवटपणा आणि ज्यांना आपले नावही ठाऊक नाही अशांसमोर जाऊन उभे राहण्याची तयारी, या दोन्ही गोष्टी भाव्यांच्या प्रतिभेइतक्याच मोलाच्या होत्या असे मी मानतो.

मिरजेचेच दुसरे उदाहरण घेतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात तिथे हजेरी लावायला देशभरातून गवई येतात. ध्वनिमुद्रणाचे तंत्र या देशात नुकतेच आले होते आणि तबकडीत आवाज अडकवला तर विद्या जाईल, अशी भीती अनेक थोर गवयांना वाटत होती, त्या काळात, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच, खाँसाहेबांनी गाणी मुद्रित केली. आज त्यांचा सूर आपल्या कानावर पडतो तो त्या निर्णयामुळे. आणि त्यांचा अंत कुठे झाला, तर १९३७ मध्ये, वयाच्या पासष्टीत, मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहानशा रेल्वे स्थानकावर. कीर्ती, शिष्य, मानमरातब सगळे पदरी असताना हा माणूस मिरजेत बसून राहिला नव्हता. तो प्रवासात होता.

खरी कला आपोआप ओळखली जाते असे म्हणणारे लोक बहुधा डच चित्रकार विन्सेंट व्हॅन गॉगचे नाव घेतात. हयातीत उपेक्षा झाली आणि मृत्यूनंतर जगाने डोक्यावर घेतले, असे ते सांगतात. मीही वर्गात तसेच सांगत असे. पण जगाने आपण होऊन काहीही केले नाही. विन्सेंट १८९० मध्ये गेला आणि सहा महिन्यांत त्याचा भाऊ थिओही गेला. मागे उरली थिओची तरुण विधवा योहाना, कडेवर एक वर्षाचे मूल आणि घरात चित्रांचा ढीग. तिने ती चित्रे सांभाळली, प्रदर्शनांना पाठवली, समीक्षकांना पत्रे लिहिली, काही विकली, काही मुद्दाम राखून ठेवली. १९०५ मध्ये आम्स्टरडॅमला मोठे प्रदर्शन भरवले आणि १९१४ मध्ये दोघा भावांची पत्रे छापून आणली. पंचवीस वर्षांच्या या खटाटोपाला ‘आपोआप’ म्हणणे त्या बाईवर अन्याय करणारे आहे. विन्सेंटच्या वाट्याला अशी वहिनी आली. आपल्या तालुक्यातल्या चित्रकाराच्या वाट्याला ती येईल, या भरवशावर त्याने राहावे काय?

आता मी जे जवळून पाहिले ते सांगतो.

माझे एक स्नेही, तेही कलाशिक्षकच, सांगलीच्या गावभागात नदीकडच्या बाजूला राहत. तीस वर्षे ते जलरंगात कृष्णाकाठ रंगवत होते. पहाटेचे घाट, नावेतून पलीकडे जाणारी माणसे, हरिपूरच्या रस्त्यावरची चिंचेची झाडे. हात इतका मोकळा, की एका ओल्या फटकाऱ्यात पाण्यावरचे धुके उभे राहावे. प्रदर्शनाचा विषय काढला की ते म्हणायचे, “अजून हात बसलेला नाही, बसला की दाखवू.” छायाचित्र काढू देत नसत, कारण रंग खरे येत नाहीत. सगळी चित्रे पत्र्याच्या एका मोठ्या पेटीत, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये रचून ठेवलेली असत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले तेव्हा त्यांनी पेटी खाटेवर ठेवली. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्यापेक्षा वर पाणी जाणार नाही असा त्या भागातल्या सगळ्यांचाच हिशेब होता. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले आणि तो हिशेब चुकला. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघे घरात शिरलो. दारात गुडघाभर चिखल होता आणि त्या पुराचा तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. पेटी उघडली तेव्हा आत कागदाची एक वीट झाली होती. त्यांनी खिशातली पातळ पट्टी काढून एक पान सोडवण्याचा प्रयत्न केला. पान सुटले, पण वरचा रंग केव्हाच गेला होता आणि खाली वर्तमानपत्राची अक्षरे उलटी उमटली होती. त्यांनी पेटी बंद केली आणि विहिरीवरून पाणी आणायला गेले, कारण भांडी धुवायची होती.

त्या तीस वर्षांतली तीन चित्रे आज शिल्लक आहेत. एक त्यांनी पुतणीच्या लग्नात दिले होते, ते तासगावला आहे. एक मिरजेतल्या एका डॉक्टरांना कृतज्ञता म्हणून दिले होते. तिसरे मी शिक्षक-खोलीत लावण्यासाठी हट्टाने मागून नेले होते. जी घराबाहेर पडली तीच वाचली. त्यांना लाज वाटायची, ती मी समजू शकतो. आपल्या घरांतून लहानपणापासून हेच कानी पडते की, आपण होऊन सांगू नये, लोकांनी म्हणावे. पण लोकांनी म्हणायचे तर आधी त्यांना दिसायला हवे, ही साधी गोष्ट आम्हा शिक्षकांपैकी कोणीही त्यांना नीट पटवून दिली नाही, आणि त्यात मीही होतो.

याच्या उलट माझी एक विद्यार्थिनी. तिचे वडील हळदीच्या पेठेत हमाल होते. रेखाकलेच्या दोन्ही परीक्षा तिने चांगल्या श्रेणीत पूर्ण केल्या, पण वर्गात तिच्यापेक्षा सरस हात असलेली तीन-चार मुले होती, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती मुले आज चित्र काढत नाहीत. हिने मात्र एक नेम धरला. दर रविवारी मार्केट यार्डात जायचे आणि वहीच्या पानाएवढे एक चित्र पुरे करून उठायचे. पोत्यांच्या थप्प्या, तोंडाला फडके बांधलेल्या बायका, उन्हात तरंगणारी पिवळी धूळ, तोलाईचा काटा, दुपारी पोत्यावर झोपलेला हमाल. विषय एकच, जागा एकच, वार एकच. वर्षभरात तिच्यापाशी पन्नासच्या आसपास चित्रे झाली.

पहिले प्रदर्शन आम्ही शाळेच्या सभागृहात सुतळी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून भरवले. तीन दिवसांत चाळीसेक माणसे आली आणि एकही चित्र विकले गेले नाही. पण दाराशी तिने एक वही ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, फोन आणि कोणते चित्र आवडले, एवढे त्यात लिहून घ्यायची. पुढच्या वर्षी त्या प्रत्येकाला तिने स्वतः फोन केला. दरम्यान राज्य पातळीवरच्या प्रदर्शनांना ती चित्रे पाठवत होती आणि नापसंतीची पत्रे येत होती. अशी चार पत्रे तिने मला दाखवली. पाचव्या वर्षी एक चित्र निवडले गेले. त्याच वर्षी स्थानिक प्रदर्शनात एका अडत्याने आपल्या दुकानाची पायरी चित्रात ओळखली, बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “ह्यो आमचा म्हादू, दोन वर्सं झाली जाऊन.” त्याने ते चित्र घेतले. त्याच्यामागून पेठेतल्या आणखी तिघांनी घेतली, एकाने पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेसाठी बारा चित्रांचे काम दिले. आज ती पुण्यामुंबईच्या दालनांतून दिसते, शिकवण्या न घेता चित्रांवर घर चालवते, आणि अजूनही सांगलीत असली की रविवारी यार्डात जाते.

या मुलीच्या बाबतीत सातत्य आणि दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. एकच विषय पाच वर्षे धरल्यामुळे लोकांना तिची ओळख सांगता येऊ लागली. ‘हळदीच्या पेठेची चित्रे काढणारी’, एवढे म्हटले की पुरे. आणि दरवर्षी ठरल्या वेळी लोकांसमोर जायचे असल्यामुळे रविवार चुकवण्याची सोय राहिली नाही. शेटफळ्यात जन्मलेले आपले माणदेशी ग. दि. माडगूळकर यांचे ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत या क्रमाने वर्षभर चालले, छप्पन्न गीते झाली. त्या गीतांची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण श्रोता पुढच्या आठवड्याची वाट पाहू लागला, हे त्या नियमितपणाचे देणे होते, आणि दर आठवड्याला गीत पुरे करून देण्याची सक्ती कवी आणि संगीतकार दोघांनीही स्वतःवर घालून घेतली होती.

२०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे पाच लाख चित्रकारांच्या प्रदर्शनांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्याचा निष्कर्ष आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना अस्वस्थ करणारा आहे. चित्रकाराची पहिली पाच प्रदर्शने कोणत्या दर्जाच्या दालनांत झाली, यावर त्याची पुढची वाटचाल फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. मोठ्या दालनातून सुरुवात झालेले सहसा वरच राहतात, आणि काठावरून सुरुवात करणाऱ्यांपैकी बरेच जण काही वर्षांत क्षेत्रच सोडतात. जे थोडे वर चढतात ते एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा न दाखवता सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या ठिकाणी काम नेत राहिलेले असतात. म्हणजे गुण असूनही सांगली-साताऱ्याच्या मुलाला मुंबईच्या मुलापेक्षा जास्त दारे ठोठावावी लागणार. हे न्याय्य नाही, पण हे त्याला आधीच सांगितले पाहिजे. बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन, कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन, यांच्या प्रवेशिका कोणत्या महिन्यात निघतात, चित्राला माउंट कसा करायचा, पाठीमागे नाव, माध्यम, माप आणि साल कसे लिहायचे, दिवसाच्या उजेडात सावली न पडता छायाचित्र कसे काढायचे, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हते. मी पेन्सिल कशी धरायची ते शिकवले. चित्राची किंमत कशी सांगायची ते शिकवले नाही.

किमतीचा विषय निघाला म्हणून सांगतो की, नुसते दिसणे पुरेसे होत नाही, हेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांची लावणी महाराष्ट्राच्या ओठांवर होती. त्यांच्याइतका ‘दिसणारा’ शाहीर त्या काळात दुसरा कोण होता? तरी १९४५ मध्ये ते गेले ते हलाखीतच. म्हणून प्रसिद्धीबरोबर व्यवहार लेखी असणे, बयाणा घेणे, चित्र छापण्याचा हक्क आणि चित्र विकणे हे वेगवेगळे मानणे, हेही मुलांना सांगायला हवे. यावर एखाद्या जाणकाराने स्वतंत्रपणे लिहावे.

मिरजेच्या सतारमेकरांचाही उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दीडशेहून अधिक वर्षे ही घराणी मंगळवेढ्याकडचा भोपळा आणून सतारी आणि तंबोरे घडवत आहेत. मोठ्या गवयांची छायाचित्रे पाहा, पाठीमागे मिरजेचे तंबोरे उभे असतात, पण त्यांची जवारी लावणारे, म्हणजे तारांचा झंकार घासून जुळवणारे, हात कोणाचे, हे कोणी विचारत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव अधिकृतपणे वाद्याला लागले, याचा मला फार आनंद झाला. आता मैफलीच्या पत्रिकेत तबलजीच्या नावाखाली तंबोरे घडवणाऱ्याचे नावही छापले जावे, असे मला मनापासून वाटते. त्याला खर्च एका ओळीचा आहे.

मोबाइलवर चित्र टाकणाऱ्या मुलांविषयी त्या वाचकाने जे लिहिले आहे, त्याबद्दल एवढेच. औंधला यमाईच्या डोंगरावरच्या संग्रहालयात मी अनेक वर्षे सहली नेल्या. तिथे राजा रविवर्म्याच्या मूळ चित्रांपुढे एकदा एक सातवीतला मुलगा म्हणाला, “सर, असलंच चित्र आमच्या आजीच्या देवघरात आहे.” तो बरोबर होता. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यातली चित्रकला कौलारू घरांत गेली. आजच्या मुलाच्या हातातला फोन हा त्याचा छापखाना आहे. आठवड्यातले सहा दिवस काम आणि एक दिवस दाखवणे, असे प्रमाण त्याने राखले तर त्यात गैर काय? प्रमाण उलटे झाले तर मात्र दाखवायला काही उरणार नाही, आणि त्या बाबतीत मी त्या वाचकाच्याच बाजूचा आहे.

आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. जिल्हा पुरवणीत दर आठवड्याला एका स्थानिक चित्रकाराचे, शिल्पकाराचे किंवा वाद्यकारागिराचे एक काम, त्याचे नाव, गाव आणि माध्यम यांसह छापावे. सत्काराच्या बातम्यांत कलावंत शाल पांघरून दिसतो, त्याचे काम दिसत नाही. आणि आपल्या दैनिकाच्या वतीने मिरजेतल्या डॉक्टरमंडळींना आवाहन करावे की, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांची छापील चित्रे लावण्याऐवजी आपल्याकडच्या चित्रकारांची मूळ चित्रे लावावीत, खाली नाव आणि किंमत लिहावी, आणि तीन महिन्यांनी बदलावीत. रोज शेकडो माणसे तिथे तासन्‌तास बसलेली असतात, आणि भिंतीकडे पाहण्यावाचून त्यांना दुसरे काम नसते.

माझे स्नेही आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि गेल्या वर्षापासून पुन्हा घाटावर बसू लागले आहेत. शिल्लक राहिलेल्या तीन चित्रांपैकी माझ्याकडच्या चित्राचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. छापण्याची परवानगी द्यायला त्यांनी तीन आठवडे घेतले. आपण ते छापणार असाल, तर चित्रकाराचे नाव छायाचित्राच्या पाठीमागे पेन्सिलने लिहिले आहे, ते कृपया चित्राखाली द्यावे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
सांगली